युकुंडशेठची पट्टी

इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातल्या एका अडत्याच्या डाव्या गालावर चांगला ठसठशीत चामखीळ होता. त्याच्या घरात सापडलेल्या ब्राँझच्या डोक्यावर तो आजही दिसतो. कान बाहेर आलेले, कपाळावर आठ्या, डोक्यावर विरळ केस, आणि नजर अशी, की समोरचा भाव पाडून मागतोय हे याला आधीच कळलंय. डोकं त्याचंच की त्याच्या घराण्यातल्या आधीच्या कुणाचं, यावर अभ्यासक वाद घालतात. मी तो फोटो आमच्या शेठना दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "ह्याची उधारी बुडत नसणार."

नाव लुसियस केसिलियस युकुंडस. इसवी सनाचं पहिलं शतक. याचा धंदा असा: माल लिलावात विकला गेला की विकणाऱ्याला पैसे द्यायचे, घेणाऱ्याकडून सवडीनं वसूल करायचे, आणि मधल्यामधे आपलं कमिशन कापून घ्यायचं. या धंद्याला सांगलीत काय म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको. मी मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवर हिशेब लिहिते. हळद, थोडा गूळ, हंगामात बेदाणा. इतिहासात बी.ए. केलं तेव्हा शिलालेख वाचायची स्वप्नं होती, नशिबात आली रोजकीर्द.

रोमवर वाचायला घेतलं की दहातली नऊ पानं सम्राट, सेनापती आणि सिंहांच्या तोंडी दिलेली माणसं यातच जातात. वाचायला बरं वाटतं, पण त्यातलं मला काय कळणार? लढाईत कुठली तुकडी डावीकडून फिरली याच्याशी माझा काय संबंध? हा चामखीळवाला भेटला आणि पहिल्यांदा वाटलं, की याच्या गादीवर जाऊन बसले तर दुपारपर्यंत काम समजेल. म्हणून मी त्याला युकुंडशेठ म्हणते. पेढीवर आता सगळेच म्हणतात.

जुलै १८७५ मध्ये त्याच्या घराच्या वरच्या भागात एका पेटीत लाकडी फळ्यांची दप्तरं सापडली. दीडशेच्या वर. फळी तळहातापेक्षा जरा मोठी. तिची आतली बाजू कडा सोडून किंचित खोल कोरलेली, त्या खोलगटात काळपट मेणाचा थर, आणि मेणावर टोकदार सळईनं लिहायचं. अशा तीन फळ्या पुस्तकासारख्या बांधायच्या. पहिल्या दोन फळ्या मिटून त्यांच्यावर दोरा गुंडाळायचा, दोऱ्यावर साक्षीदारांच्या मोहोरा. आत काय लिहिलंय ते बंद. तोच मजकूर तिसऱ्या फळीवर पुन्हा लिहिलेला, तो उघडा. रोजच्या कामाला उघडी प्रत बघायची. भांडण झालंच तर मोहोरा तोडून आतली प्रत काढायची. आकडा खोडून वाढवला असं कुणी म्हणूच शकत नाही. डुप्लिकेट पावतीपुस्तक आणि कार्बन पेपर यांच्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे ही युक्ती वाचून मी खुर्चीतच टाळी वाजवली.

इसवी सन ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, लाकडाचा कोळसा झाला, मेण गेलं. पण सळई जिथं मेणातून आरपार जाऊन लाकडाला टेकली होती तिथं ओरखडे राहिले, आणि आज वाचतात ते हे ओरखडे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या गोदामात पाणी शिरलं होतं. लाल कापडाच्या बांधणीतल्या चोपड्या तिथं फळीवर होत्या, शेठच्या वडलांच्या हातच्या. पाणी उतरल्यावर मी एक उघडायला गेले तर पानं उघडलीच नाहीत, पिठाच्या गोळ्यासारखी हातात आली. आगीतून निदान ओरखडे तरी उरतात, पुरातून काही उरत नाही.

आता एक पट्टी वाचू. बाहेरच्या लोकांसाठी सांगते: शेतकऱ्याचा माल विकला की त्याला जो हिशेबाचा कागद मिळतो तो पट्टी. किती पोती, वजन किती, भाव काय, कापलं काय, हातात काय.

ही पट्टी उंब्रिसिया जानुआरिया नावाच्या बाईची. तारीख १२ डिसेंबर ५६. मजकुराचा आशय असा: ११,०३९ सेस्टर्स (हे रोमन नाणं), जी रक्कम उंब्रिसिया जानुआरियाच्या लिलावापोटी देण्याचं युकुंडसनं कबूल केलं होतं, ती कमिशन वजा जाता आपल्याला युकुंडसकडून मिळाली, असं उंब्रिसिया जानुआरियानं सांगितलं. पॉम्पेई मुक्कामी. मग त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं, कारण रोमन लोक वर्ष आकड्यानं सांगत नसत, कॉन्सलांच्या नावानं सांगत.

अकरा हजार एकोणचाळीस म्हणजे केवढे? त्या काळात सैन्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. म्हणजे बारा वर्षांचा पगार आणि वर थोडं. बाई काही टोपलीभर कांदे घेऊन आली नव्हती.

आणि तो आकडा बघा. माल विकताना असा आकडा कुणी बोलत नाही. बोली अकरा हजारावर थांबेल, साडेअकरावर थांबेल. एकोणचाळीस येतात ते कापाकापीतून किंवा बेरजेतून. कमिशन वजा जाता, असं स्वच्छ लिहिलंय. कमिशन किती? ते नाही लिहिलेलं! इतकी साक्षीपुराव्याची पावती, मोहोरा काय, दोरा काय, आणि नेमका तोच आकडा गाळलेला. युकुंडशेठ, तुम्ही खरे व्यापारी.

आपल्याकडं अडत कुणी द्यायची यावर किती रामायण झालं ते यार्डातल्या कुणालाही विचारा. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. रोमन लोकांचं भांडण अडतीपेक्षा सेसवर जास्त. सम्राट ऑगस्टसनं लिलावातल्या विक्रीवर शेकडा एक कर बसवला. तो पैसा निवृत्त शिपायांच्या खजिन्यात जायचा. लोक कुरकुरले. त्याच्यानंतरच्या सम्राट टायबेरियसनं आधी ऐकलं नाही, मग कॅपाडोशिया प्रांत ताब्यात आल्यावर अर्धा टक्का केला, आणि पुढं सम्राट कॅलिगुलानं इटलीपुरता तो माफच करून टाकला. माफ केला तो केला, वर त्याची जाहिरात नाण्यावर छापली. सर्वांत हलकं जे तांब्याचं नाणं, आस नावाच्या नाण्याचा चौथा हिस्सा, त्यावर अक्षरं: आर, सी, सी. म्हणजे दोनशेवा हिस्सा माफ. आजच्या कुठल्याही सरकारला हेवा वाटावा, होर्डिंगचा खर्चच नाही.

कॅलिगुलाचं नाव निघालंच आहे तर त्याचा लिलाव सांगते, कारण ही गोष्ट मी सौद्याच्या वेळी किती जणांना ऐकवली आहे त्याचा हिशेब नाही. खेळ संपल्यावर उरलेले ग्लॅडिएटर त्यानं लिलावात काढले, स्वतः बसून. अपोनियस सॅटर्निनस नावाचा एक मोठा मानकरी बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता, मान खाली-वर होत होती. कॅलिगुला पुकारा करणाऱ्याला म्हणाला, ते साहेब मान हलवतायत, त्यांच्याकडं लक्ष ठेव. मान हलली की बोली वाढली. साहेबांना जाग आली तेव्हा तेरा ग्लॅडिएटर त्यांच्या नावावर लागले होते, ९० लाख सेस्टर्सना. सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या सुएटोनियसनं हे लिहून ठेवलंय. त्या माणसाला गप्पा रंगवून सांगायची हौस होती हे खरं, पण लिलावात मान हलवणं म्हणजे बोली, एवढं तर त्यातून नक्की कळतं.

आमच्याकडं मान नाही, बोटं. म्हणजे आता नाही. आता उघड लिलाव, सगळ्यांसमोर भाव पुकारायचा. पण जुने लोक अजून सांगतात, रुमाल टाकायचा, त्याखाली घेणाऱ्याची आणि अडत्याची बोटं, आणि भाव त्या दोघांनाच माहीत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमाल हलताना बघतोय. कायद्यानं ते बंद झालं ते बरंच झालं. रोमनांची बोटं तर आपल्या पुढं होती. डाव्या हाताच्या बोटांच्या मुडपणीवर ते नव्व्याण्णवपर्यंत मोजत आणि शंभर झाले की उजव्या हातावर जात. जुव्हेनाल या रोमन कवीनं एका म्हाताऱ्या राजाबद्दल म्हटलंय की तो आपली वर्षं आता उजव्या हातावर मोजतो. जेनस देवाच्या एका मूर्तीची बोटं वर्षाचे दिवस दाखवतील अशी वळवलेली होती, असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. देवालासुद्धा हिशेब येत होता.

आमचे हमाल मामा या गोष्टी पोत्यावर बसून ऐकतात. एकदा मधेच म्हणाले, "ताई, त्या लोकांत हळद हुती का?"

म्हटलं, "स्वयंपाकात घालायचे असं काही दिसत नाही. पण त्यांच्या काळातल्या डायोस्कोरिडीस नावाच्या वैद्यानं लिहिलंय, की हिंदुस्थानात एक मूळ मिळतं. आल्यासारखं दिसतं, चावलं की केशरासारखा पिवळा रंग येतो, चवीला कडू."

"मंग हळदच की ती."

"आणि अंगाला लावलं की केस झडतात."

मामा हसले. "ही तर आमची म्हातारी सांगती."

मिरीचं तर विचारूच नका, ती रोमला गलबतं भरभरून जायची. आणि त्यांच्याकडचा माल इकडंही आला. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास खोदकाम झालं त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती निघाली. टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, सांगलीहून दीड-एक तासाचा रस्ता. पंचगंगेच्या काठच्या गावात समुद्राचा देव कुणी आणला असेल? माझ्या मते व्यापाऱ्यानंच.

उंब्रिसियाकडं परत येते, कारण तिच्या पट्टीतली एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. तिसऱ्या फळीवरच्या प्रतीत लिहिणारा पुरुष आहे. डेसिमस व्होल्सियस थॅलस. तो म्हणतो, उंब्रिसिया जानुआरियाच्या विनंतीवरून मी लिहितो, की तिला पैसे मिळाले. युकुंडसच्या दप्तरात माल विकणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, पण पावती त्यांच्या हातची नाही, कुणीतरी पुरुष त्यांच्या वतीनं लिहितो. विकणारे पुरुष बऱ्याचदा स्वतः लिहितात: मी अमुक, मला मिळाले.

लिहिता येत नव्हतं म्हणावं, तर तसंही सरसकट नाही. ब्रिटनच्या सरहद्दीवर व्हिंडोलांडाच्या छावणीत इसवी सन १०० च्या आसपासची पत्रं मिळाली आहेत. त्यातल्या एकात क्लॉडिया सेवेरा नावाची बाई आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाला ये म्हणून बोलावते. पत्राचा मुख्य मजकूर कारकुनाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिनं स्वतः लिहिल्यात, जरा अडखळत्या अक्षरात. म्हणजे अक्षर येत होतं, मैत्रिणीला पत्र चालत होतं. अडचण व्यवहाराच्या कागदावर होती. बाईला पालक लागायचा. पालकाविना मोठे व्यवहार करायची मोकळीक ऑगस्टसच्या कायद्यानं मिळाली, पण त्याची अट बघा: जन्मानं स्वतंत्र असेल तर तीन बाळंतपणं, गुलामीतून सुटलेली असेल तर चार. पॉम्पेईतच ज्युलिया फेलिक्स नावाची बाई होती, तिनं आपल्या वाड्यातलं स्नानगृह, दुकानं आणि माडीवरच्या खोल्या पाच वर्षांच्या भाड्यानं देण्याची जाहिरात भिंतीवर रंगवली होती, स्वतःच्या नावानं. मालकीण होण्यात कुणाची आडकाठी नव्हती.

मला याचं नवल का वाटत नाही ते सांगते. पेढीवर अशी खाती कितीतरी आहेत, सातबारा बाईच्या नावावर, हळद बाईच्या नावावर, पट्टीही बाईच्या नावानं निघते. न्यायला मालक येतो. मी म्हणते, वहिनींना पाठवा, सही लागेल. "मीच करतो की, काय फरक पडतोय?" आता पैसे बँकेत जातात म्हणून थोडं कमी झालंय. तरी चेक कधी वटला हे विचारायला फोन येतो तो थॅलसचाच.

साक्षीदारांचीही एक गंमत आहे. मोहोरा लावणाऱ्यांची नावं ज्या क्रमानं येतात तो क्रम कोण आधी पोचलं याचा नाही, मानाचा आहे, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. वर गावातले बडे लोक, मग मध्यम, खाली गुलामीतून सुटलेले. आणि तोच माणूस एका पावतीत वर असतो, दुसऱ्या पावतीत त्याच्यापेक्षा मोठे कुणी आले की खाली सरकतो. लग्नपत्रिकेत काकांचं नाव मामांच्या खाली गेलं की काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना यापुढं काही सांगायला नको.

निवडणुकीचं तर आणखी मोकळं होतं. पॉम्पेईच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर लाल अक्षरात रंगवलेल्या प्रचाराच्या ओळी हजारोंनी सापडल्यात. फळवाले अमक्याला निवडून द्या म्हणतात, खेचरवाले तमक्याला, सोनार आणखी कुणाला. आमच्या बाजार समितीत व्यापारी-अडत्यांची जागा वेगळी, हमाल-तोलाईदारांची वेगळी, त्यामुळे हे फार ओळखीचं वाटतं. युकुंडसच्या दोन मुलांच्या नावानंही एक शिफारस आहे. सगळ्यात झकास म्हणजे व्हाटिया नावाच्या उमेदवाराच्या भिंती. एकीवर लिहिलंय, सगळे भुरटे चोर व्हाटियाला पाठिंबा देतात. दुसरीवर रात्री उशिरापर्यंत पिणारे पाठिंबा देतात. तिसरीवर, झोपलेले. विरोधकांचा रंग आणि विरोधकांचाच चुना. आपल्याकडं हे आता मोबाईलवर होतं एवढंच.

एका बाबतीत मात्र मी युकुंडशेठच्या गादीवर बसू शकत नाही.

दप्तरात काही पावत्या गावाच्या येण्याच्या आहेत. गावच्या मालकीचा कपडे धुण्याचा कारखाना युकुंडसनं मक्त्यानं घेतला होता, वर्षाला १,६५२ सेस्टर्स. पैसे भरले की पावती लिहून द्यायचा प्रिव्हॅटस. हा गावाचा गुलाम. आजच्या भाषेत पालिकेचा वसुली कारकून, पण पालिकेच्या मालकीचा. अक्षर त्याचं स्वतःचं. उंब्रिसियाला स्वतःच्या पैशांची पावती लिहिता येत नव्हती, आणि हा गुलाम अख्ख्या गावातर्फे लिहीत होता. रोमन समाज वरून खाली एका सरळ शिडीसारखा असेल असं मला आधी वाटायचं. या पावत्या वाचल्या की कळतं, एकाला हुकूम चालवता येतो पण लिहिता येत नाही, दुसऱ्याला लिहिता येतं पण स्वतःच्या देहावर हक्क नाही.

कारण याच पेटीत दुसऱ्या फळ्या आहेत. इसवी सन १५ मधली, युकुंडसच्या आधी पेढीवर असलेल्या फेलिक्सच्या काळातली, एक खेचर विकल्याची. किंमत ५२० सेस्टर्स. आणि एक ट्रोफिमस नावाच्या गुलामाच्या विक्रीची. ६,२५२ सेस्टर्स. मजकुराचा साचा तोच, मोहोरा तशाच, कमिशन वजा जाता तसंच. लिहिणाऱ्याचा हात कुठं थबकलाय का बघायला गेलं तर तसं काही नाही. मी रोज पोती, वजन, भाव लिहिते. माझ्या लिहिण्याला वेग आहे, त्यात विचार नसतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. ट्रोफिमसची पट्टी वाचल्यावर दोन-तीन दिवस तो वेग नकोसा झाला होता. मग हंगाम सुरू झाला.

वजनमापाचं थोडक्यात. पॉम्पेईच्या चौकात दगडाचं एक लांब मेज आहे, त्यात वेगवेगळ्या मापाचे गोल खड्डे आणि खाली भोकं. धान्य ओतायचं, माप बरोबर आहे का बघायचं, खालून काढून घ्यायचं. आधी तिथं स्थानिक लोकांची मापं होती, इसवी सनापूर्वी २० च्या सुमारास गावच्या दोन अधिकाऱ्यांनी ती रोमन मापाला जुळवून घेतली. खड्डे मोठे करून घ्यावे लागले. म्हणजे पायली बदलली की कुरकुर तिथंही झाली असणार. एका भिंतीवर वारांची यादी मिळाली आहे: शनिवारी पॉम्पेई, रविवारी नुसेरिया, मग अटेला, नोला, कुमाए, पुतेओली. कुठल्या वारी कुठला बाजार. फिरत्या विक्रेत्याला एवढं पुरे.

युकुंडसची शेवटची तारीखवार पट्टी जानेवारी ६२ ची. फेब्रुवारीत मोठा भूकंप झाला. त्याच्या घरच्या देवघरापाशी संगमरवरात त्या भूकंपाचं चित्र कोरलेलं होतं, चौकातलं ज्युपिटरचं देऊळ एका बाजूला कललेलं, वेशीचा दरवाजा ढासळतोय. देवघराशी असलं चित्र लावणारी माणसं मला समजतात. सांगलीत २००५ च्या आणि २०१९ च्या पुराच्या खुणा भिंतीवर रंगवून ठेवलेली घरं किती सांगू.

आता शेवटची असामी, ही पॉम्पेईची नाही, पुतेओलीची. ते बंदर. इजिप्तचा गहू तिथं उतरायचा. १९५९ मध्ये पॉम्पेईजवळ मुरेसिनेला महामार्गाचं काम चालू असताना एका पेढीच्या फळ्यांचं दप्तर सापडलं. त्यातला गायस नोव्हियस युनस हा धान्याचा व्यापारी, आणि मला त्याच्याबद्दल काहीशी माया आहे.

जून ३७ मध्ये यानं १०,००० सेस्टर्स कर्ज घेतलं. सावकार सम्राटाच्या घरचा एक सुटलेला गुलाम, एव्हेनस. पण तो गावात नव्हता, पैसे दिले त्याच्या गुलामानं, हेसिकसनं. पंधरवड्यात आणखी ३,००० घेतले. तारण काय? बंदरावरच्या सरकारी वखारीत ठेवलेला ७,००० मोडियस अलेक्झांड्रियाचा गहू. एक मोडियस म्हणजे साधारण साडेसहा किलो गहू, तेव्हा पंचेचाळीस टनांच्या आसपास. शिवाय हरभरा, मसूर आणि इतर धान्याची २०० पोती. वखारीतली गव्हाची खोली हेसिकसच्या नावावर भाड्यानं करून दिली, भाडं महिना एक सेस्टर्स. इतकं कमी का? कारण भाडं मिळवायचंच नव्हतं. किल्ली सावकाराकडं राहावी एवढ्यासाठी तो करार. आमच्या बाजार समितीची शेतमाल तारण योजना अगदी याच चालीची आहे: माल गोदामात, पावती समितीकडं, शेतकऱ्याच्या हातात किमतीचा काही भाग, आणि भाव आला की विकून फेडायचं.

युनसचा स्वतःच्या हातचा मजकूर या फळ्यांवर आहे, आणि शुद्धलेखन भयंकर. बोलतो तसं लिहितो. कारकुनानं बाजूला तेच शुद्ध लिहून ठेवलंय, त्यामुळे आजचे अभ्यासक खूश आहेत, त्या काळचा बाजारी लॅटिन उच्चार त्यांना फुकटात मिळाला.

भाव आला नसावा, किंवा आला तेव्हा यानं विकला नसावा. दोन वर्षांनी, सप्टेंबर ३९ मध्ये, युनस पुन्हा लिहून देताना सापडतो. आता १,२५० सेस्टर्स देणं बाकी. हेसिकसचा मालक दरम्यान वारला असावा, कारण हेसिकस आता थेट सम्राट कॅलिगुलाचा गुलाम आहे. सम्राटाच्या माणसाची बाकी ठेवणं म्हणजे काय ते युनसला समजत असणार. तो शपथेवर लिहून देतो: दर बाजारच्या दिवशी २५० फेडीन, चुकलं तर दिवसाला २० दंड.

मी हा हिशेब पेढीवर मांडून बघितला. पाच हप्ते, बाजार आठ दिवसांनी, सव्वा महिन्यात खातं बंद व्हायला पाहिजे. शेठ म्हणाले, "पहिले दोन हप्ते वेळेवर येतील. तिसऱ्याला त्याच्या घरी लग्न निघेल."

असे युनस आमच्या खतावणीतही आहेत. नावं लिहीत नाही, त्यातले दोघं-तिघं माझं लिहिलेलं नेमानं वाचतात आणि मग यार्डात भेटल्यावर म्हणतात, ताई, छान लिहिता हं तुम्ही. दिवाळीच्या आत खातं मिटवा म्हणावं, मग आणखी छान लिहीन.